डॉक्टर येईस्तोवर काय करायचं?

शेतकरी बंधूंनो, मळणी यंत्रात हात गेला किंवा कडबाकुट्टीत बोटं सापडली की गावात काय धांदल उडते, ते तुम्हाला सांगायला नको. कुणी हळद दाबतो, कुणी तंबाखू, कुणी गाडी शोधत पळतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण ती वस्तीवर पोचेपर्यंत जखमी माणूस कुणाच्या हातात असतो? शेजाऱ्याच्याच ना? त्या शेजाऱ्याला शिकवावं, हा ध्यास घेतलेल्या एका जर्मन सर्जनची ही हकीकत.

फ्रीडरिख एस्मार्ख यांचा जन्म १८२३ चा, उत्तर समुद्राजवळच्या टोनिंग या लहानशा गावचा. वडील डॉक्टर. १८४८ साली डेन्मार्कविरुद्धच्या लढाईत ते उतरले आणि शत्रूच्या कैदेतही पडले. १८५७ ला कील विद्यापीठात सर्जरीचे प्राध्यापक झाले. पुढच्या तीन युद्धांत जखमींची व्यवस्था पाहिली. डॉक्टर पोचण्याआधी नुसत्या रक्तस्रावानं माणसं जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग त्यांनी काय केलं? साधं तिकोनी फडकं घेतलं. असं फडकं आधीही वापरात होतं, पण एस्मार्ख यांनी त्यावर चित्रं छापली. डोकं, खांदा, कोपर, गुडघा, कुठं कसं बांधायचं ते फडक्यावरच दिसायचं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, अशी ही युक्ती. १८७३ मध्ये त्यांनी रबरी पट्टीनं हातापायातलं रक्त वर सारून जवळजवळ रक्ताविना शस्त्रक्रिया करण्याची रीत जाहीर केली. ती पट्टी आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

मोठं नाव झालं, १८७२ मध्ये राजघराण्यातली मुलगी पत्नी म्हणून घरी आली. इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण १८८१ मध्ये ते लंडनला गेले. तिथं सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था १८७७ पासून साध्या माणसांना प्रथमोपचार शिकवत होती. ते पाहून परतले आणि १८८२ मध्ये कीलला त्यांनी 'समॅरिटन' शाळा काढली. अभ्यासक्रम अवघ्या पाच व्याख्यानांचा! त्याचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या मुलीनं ते इंग्रजीत आणलं.

विरोध कुणी केला असेल? डॉक्टरांनीच. अर्धवट शिकलेले लोक वैदू होऊन बसतील, ही भीती. ती अगदीच खोटी नव्हती, आपल्याकडेही तसे नमुने आहेत. म्हणून एस्मार्ख यांनी हद्द आखून दिली. डॉक्टर येईपर्यंत जीव राखायचा, औषधपाणी करायचं नाही. पुढं १८८८ मध्ये बर्लिनच्या सहा सुतारांनी कामावरच्या अपघातांना कंटाळून कामगारांसाठी स्वतःच असा वर्ग भरवला. त्यातून उभी राहिलेली संघटना आजही रुग्णवाहिका चालवते.

आता एक सावधगिरी. वर सांगितलेली आवळपट्टी साप चावल्यावर बांधू नका. आपल्याकडे सर्रास दोरी आवळतात, त्यानं हातपाय गमवायची वेळ येते. हलवाहलव न करता सरकारी दवाखाना गाठा. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ कापड जोरात दाबून धरा. हातापायाचं रक्त तेवढ्यानं थांबलंच नाही, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळा आणि किती वाजता बांधली ते लिहून ठेवा.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींनी पंचायतीतली प्रथमोपचार पेटी एकदा उघडून पाहावी. बहुतेक वेळा किल्ली एकाकडे आणि तो माणूस तालुक्याला! शिकलेल्या पोरांना हातात सामान नसेल, वर्षात एकदाही उजळणी नसेल, तर शिकवलेलं विसरायला वेळ लागत नाही.

एस्मार्ख १९०८ मध्ये कीललाच वारले, पंच्याऐंशीव्या वर्षी. त्यांचं ते तिकोनी फडकं करायला शिंपी लागत नाही. मीटरभर लांब-रुंद धुतलेलं सुती कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापलं की दोन होतात.