नामदार गोखले : वर्गातून कायदेमंडळात

मनुष्याने व्यवसाय सोडला, तरी त्या व्यवसायाचे संस्कार त्यास सहसा सोडीत नाहीत. शिक्षकाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे होय. नामदार गोपाळ कृष्ण गोखले थोर मुत्सद्दी म्हणून सर्वश्रुत आहेत. परंतु ते प्रथम शिक्षक होते व कायदेमंडळात गेल्यावरही अंतर्यामी शिक्षकच राहिले. याचे स्मरण आपल्या मुलाबाळांस करून द्यावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ मध्ये वडील निवर्तले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील ८ रुपये दरमहा ते धाकट्या भावास पाठवू लागले. एका भावाची शाळा सुटली म्हणून दुसऱ्याची टिकली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी.

१८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन त्यांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याचे व्रत घेतले. फर्गसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक शाळांतून चालत असे. सार्वजनिक कार्याचे धडे मात्र त्यांनी स्वतः विद्यार्थी होऊन न्यायमूर्ती रानडे यांच्यापाशी घेतले.

१८९७ मध्ये त्यांच्या हातून एक प्रमाद घडला. प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांच्या वर्तनाविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी विलायतेत आरोप केले. परत आल्यावर ते सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी जाहीर क्षमा मागितली. स्वकीयांनीही त्यांस दूषणे दिली. पण ज्यांच्या पत्रांवर विसंबून ते बोलले होते, त्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत.

यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ मध्ये शेतकऱ्याच्या जमीन हस्तांतरणाच्या हक्कास बाध आणणारे जमीन महसुलाचे विधेयक आले, तेव्हा फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर गोखल्यांनीही सभागृह सोडले. १९०२ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर गेले. अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे म्हणजे सोडवून दाखविलेली उदाहरणेच होती. त्यांतील आकड्यांच्या जुळणीत मोठे साहाय्य असे ते सोलापूरचे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे. आणि तेही पेशाने मुख्याध्यापक! गोखल्यांनी मिठावरील कराचा प्रश्न वारंवार मांडला. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३, १९०५ व १९०७ अशा तीन टप्प्यांत एका रुपयावर आला.

परंतु त्यांच्या अंतःकरणाच्या सर्वांत जवळचा विषय प्राथमिक शिक्षणाचा. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी आपले विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस सक्तीचे शिक्षण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना असावी, आणि ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी, त्याकडून फी घेऊ नये, एवढीच माफक मागणी होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण आधीच सुरू केले होते. तरीही १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत आपले लोकही होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले दिवंगत झाले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस सक्तीच्या शिक्षणाची मुभा मिळाली. देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांच्या पराभवास तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

आपल्या घराघरांतही एखादे गोविंदराव होऊन गेले असतील. कोणा काकांनी, कोणा आत्याने पाटी खाली ठेवली म्हणून दुसऱ्याच्या हाती पुस्तक राहिले. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. निदान आपल्या मुलांस ती ठाऊक असावीत, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंती.