कमलाबाई सोहोनी आणि कडधान्यांचे मोल

केवळ स्त्री म्हणून 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवतांना प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते, हे विसरून चालणार नाही. कमलाबाई हटल्या नाहीत. रामन यांनी अखेर अटी घालून प्रवेश दिला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, श्वसनास आवश्यक असे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असते, असे त्यांनी दाखविले व 1939 मध्ये पीएच.डी. मिळविली.

हे प्रथिन मोठे विलक्षण! साखळी घडल्यानंतर तिला लोहयुक्त हीम जोडले जाते. वनस्पतींत लायसिनवर मिथिल गटही चढतात. असे जोड सर्व रेणूंवर सारखे नसतील, तर स्फटिक नीट जमत नाही. तांदळातील सायटोक्रोम सीचे स्फटिक मात्र जमले व 1983 मध्ये जपानी संशोधकांनी त्याची रचना प्रसिद्ध केली.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी नीरेबरोबरच कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक प्रथिनेही तपासली. ही प्रथिने कच्च्या दाण्याचे पचन अडवितात. शिजविल्यावर बहुतांशी निष्प्रभ होतात. लातूर-नांदेडच्या मोंढ्यात तुरीचा भाव ठरतो तो वजनावर व प्रतीवर. त्या दाण्यातील किती प्रथिन गरिबाच्या अंगी लागते, हा हिशेब कमलाबाईंनी मांडावयास घेतला होता. 1998 मध्ये त्या निवर्तल्या.