घरी ग्रो लाइट बनवताना भेटलेले जगदीशचंद्र बोस

आमच्या किचनची खिडकी समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे उघडते. त्यामुळे तिथली तुळस दर वेळी लांबुडकी व्हायची आणि पिवळी पडायची. शेवटी मी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लाल आणि निळ्या एलईडी स्ट्रिप्स चिकटवल्या, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडला आणि घरच्या घरी ग्रो लाइट केला. काम करताना सहज मनात आलं, वर सेमीकंडक्टर आणि खाली झाड! या दोन्हींवर एकाच माणसाने काम केलंय का? शोधलं, तर नाव निघालं जगदीशचंद्र बोस. शाळेत आपण त्यांचं नाव फक्त ‘वनस्पतींना संवेदना असतात’ एवढ्यापुरतं वाचतो. खरी गोष्ट बरीच मोठी आहे.

तीन वर्षं बिनपगारी

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. वडील सरकारी अधिकारी होते, तरी त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे जगदीशचंद्र मेडिकलसाठी इंग्लंडला गेले, पण तब्येतीने साथ दिली नाही. मग केंब्रिजला विज्ञान शिकून ते परतले आणि १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. तिथे भारतीय प्राध्यापकाला इंग्रजांपेक्षा कमी पगार मिळायचा. बोस यांनी शिकवणं थांबवलं नाही, पण पगाराला तीन वर्षं हात लावला नाही. अखेर सरकार नमलं आणि त्यांना मागच्या थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला.

बिनतारी लहरी आणि एक स्फटिक

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. छोट्याशा खोलीत, स्थानिक कारागिरांकडून उपकरणं बनवून घेत त्यांनी मिलिमीटर लहरींवर काम केलं. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी या लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली आणि दारूही पेटवली. वायर कुठेच नव्हती. तुम्ही ५जी संदर्भात ‘एमएम-वेव्ह’ हा शब्द ऐकता ना? त्या पट्ट्यातल्या लहरी बोस तेव्हाच हाताळत होते.

लहरी पकडायला त्यांनी गॅलिना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. १९०४ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. सेमीकंडक्टर उपकरणाचं हे जगातलं पहिलं पेटंट मानलं जातं. ज्ञानातून पैसा करणं त्यांना पटत नव्हतं. पेटंट घेतलं तेही मित्रमंडळींच्या आग्रहाखातर, आणि पुढे ते तसंच सोडून दिलं.

एलईडी बोस यांनी शोधला नाही, हे इथे स्पष्ट करतो. कार्बोरंडमच्या स्फटिकातून करंट गेला की तो उजळतो, हे १९०७ मध्ये हेन्री राउंड यांनी नोंदवलं. तेही रेडिओवरच काम करत होते. गंमत म्हणजे बोस यांचा स्फटिक प्रकाशालाही प्रतिसाद द्यायचा. हे तुम्ही घरी करून बघू शकता. साधा लाल एलईडी मल्टिमीटरला जोडून कडक उन्हात धरा, एक-दीड व्होल्ट दिसतील. करंट दिला की प्रकाश, प्रकाश दिला की व्होल्टेज!

मग झाडं

उपकरण सतत वापरलं की त्याचा प्रतिसाद मंदावतो आणि विश्रांतीनंतर सुधारतो, हे पाहून बोस सजीवांकडे वळले. १९०१ मध्ये लंडनला शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापला नाही. त्यांचे काही दावे आजही वादाचे आहेत, पण मोजमापात ते पक्के होते. झाडाची डोळ्यांना न दिसणारी वाढ मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. शाळेत आपण नरसाळ्याखाली ठेवतो त्या हायड्रिलाचे ऑक्सिजनचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्रही केलं. प्रकाशसंश्लेषणावरचं त्यांचं पुस्तक १९२४ चं.

१९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे ते गेले.

माझ्या तुळशीचं काय?

हरितद्रव्य निळा (४५० नॅनोमीटरच्या आसपास) आणि लाल (६६० च्या आसपास) प्रकाश जास्त शोषतं, म्हणून मी हे दोन रंग घेतले. लाइट पानांपासून साधारण वीतभर वर ठेवला आणि टायमरवर १२ तास लावला. अ‍ॅडॅप्टर मात्र पाण्यापासून लांब ठेवा, आणि पट्टी हात लावून बघा. चटका बसत असेल तर स्ट्रिप लवकर खराब होईल.

आधी मी ‘वाढली वाटतं’ असं अंदाजाने म्हणायचो. बोस वाचल्यावर कुंडीमागे पट्टी उभी केली आणि फोन स्टँडला लावून टाइम-लॅप्स सुरू केला. आता पान किती मिलिमीटर वाढलं ते मोजून सांगतो.