हापूसच्या नावामागचा अफोन्सो

वाशीच्या घाऊक बाजारात कोकणातून हापूसच्या पेट्या उतरू लागल्या, की मुंबई-पुण्याच्या घरांत भावाची चर्चा सुरू होते. देवगडचा सरस की रत्नागिरीचा, हा वाद दरवर्षी नव्याने रंगतो. २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या नावावरील कोकणाचा हक्क कायद्यानेही मान्य झाला. गंमत अशी, की ज्या नावासाठी एवढा आग्रह धरला जातो ते नाव कोकणातले नाही. ते पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले आणि पोर्तुगीजांनाही ते इतरांकडूनच मिळाले होते.

पाचव्या शतकात व्हिजिगॉथ ही जर्मानिक टोळी आजच्या स्पेन व पोर्तुगालच्या भूमीत शिरली. पुढे तिचे राज्य गेले, तिची भाषाही लोपली. पण तिची माणसांची नावे मात्र तेथे रुजली. अफोन्सो हे त्यांपैकीच एक. त्यातील उत्तरपदाचा अर्थ तत्पर असा आहे. पूर्वपदाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी त्याचा अर्थ कुलीन असा घेतात, तर कोणी लढाई असा. स्पेनमध्ये आल्फोन्सो, पोर्तुगालमध्ये अफोन्सो आणि फ्रान्समध्ये अल्फोन्स अशी त्याची रूपे झाली. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याच नावाचा. त्याच्यानंतर आणखी पाच अफोन्सो त्या गादीवर बसले. स्पेनमध्ये तर आल्फोन्सो तेरावा १९३१ पर्यंत राज्य करीत होता.

आपल्या किनाऱ्यावर हे नाव गाजले ते मात्र राजामुळे नव्हे, तर एका सरदारामुळे. त्याचे नाव अफोन्सो द अल्बुकर्क.

लिस्बनजवळच्या अल्यांद्रा येथे १४५३ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. कॉन्स्टॅन्टिनोपल तुर्कांच्या हाती पडले तेही याच साली. तो घरातील धाकटा मुलगा. वडिलोपार्जित जहागिरीचा वारसा थोरल्याकडे जायचा. त्यामुळे त्याचे बालपण पाचव्या अफोन्सो राजाच्या दरबारात गेले आणि तारुण्य उत्तर आफ्रिकेतील मोहिमांत. पुढे दुसऱ्या जुआंव राजाच्या अश्वशाळेचा तो प्रमुख झाला. वयाच्या पन्नाशीपर्यंतच्या त्याच्या आयुष्यात इतिहासाने मुद्दाम नोंद घ्यावी असे फारसे काही नाही. १५०३ मध्ये तो प्रथम हिंदुस्थानात आला, कोचीच्या राजाच्या संमतीने तेथे किल्ला उभारून परतला आणि १५०६ मध्ये पुन्हा निघाला. त्या काळी पन्नाशी ही उतारवयाची सुरुवात मानली जाई. या माणसाचे सारे कर्तृत्व आणि सारी क्रूरताही त्यानंतरच्या बारा वर्षांतली आहे.

दुसऱ्या सफरीत त्याने सोकोत्रा बेट आणि इराणी आखाताच्या तोंडाशी असलेले होर्मुझ यांवर हल्ले केले. होर्मुझ जवळजवळ हाती आले असताना त्याचेच कप्तान त्याच्यावर उलटले. व्यापारी जहाजे लुटून मिळणाऱ्या पैशात त्यांना रस होता, उन्हातान्हात किल्ल्याची भिंत रचण्यात नव्हता. काही जण जहाजे घेऊन चक्क निघून गेले. १५०८ च्या अखेरीस तो कन्नूरला पोहोचला तेव्हा पोर्तुगीज सत्तेची सूत्रे आपल्याकडे द्यावीत, असा राजाचा हुकूम त्याच्याजवळ होता. पण व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा सूत्रे सोडायला तयार नव्हता. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील आपल्या चौलजवळ झालेल्या आरमारी लढाईत आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला होता. मुलाचा सूड घेतल्याशिवाय तो जाणार नव्हता. १५०९ च्या फेब्रुवारीत दीवजवळ त्याने तो घेतलाही. त्यानंतरही अधिकार सोपविण्याऐवजी त्याने अल्बुकर्कला कन्नूरच्या किल्ल्यात नजरकैदेत टाकले. लिस्बनहून नवे आरमार आले तेव्हाच त्याची सुटका झाली आणि नोव्हेंबरात तो गव्हर्नर झाला.

गोवा घेण्याचा त्याचा मूळ बेत नव्हता, हे आज अनेकांना ठाऊक नसते. १५१० च्या आरंभी तो तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर निघाला होता. वाटेत होनावरचा तिमय्या त्याला भेटला. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याला तिमोजा म्हणतात. विजापूरच्या आदिलशाहीत गोंधळ आहे, गोव्यात फौज थोडी आहे आणि तेथील हिंदू रयत अधिकाऱ्यांना कंटाळली आहे, ही बातमी त्याने दिली. अल्बुकर्कने तोंड वळविले आणि फेब्रुवारीत मांडवीकाठचे हे बंदर फारशी लढाई न होता त्याच्या हाती आले. तीन महिन्यांत आदिलशहाचे मोठे सैन्य तिसवाडीत उतरले आणि पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर पळावे लागले.

तेवढ्यात पावसाळा लागला. गोव्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. नदीचे मुख वाळूच्या दांड्याने आणि खवळलेल्या समुद्राने बंद झाले. दोन्ही काठांवर आदिलशाही तोफा आणि मध्ये मांडवीत अडकलेली जहाजे, अशा स्थितीत जूनपासून ऑगस्टपर्यंतचे दिवस गेले. अन्न संपल्यावर माणसे उंदीर खाऊ लागली, काही जण शत्रूला जाऊन मिळाले. याच दिवसांत रुय दियश नावाच्या एका तरुण सरदाराला अल्बुकर्कने फासावर चढविले. जहाजावर ठेवलेल्या बंदिवान मुस्लिम स्त्रियांकडे तो चोरून जात असे, हा त्याचा गुन्हा. कप्तानांनी विरोध केला तेव्हा गव्हर्नरने त्यांनाही अटकेत टाकले. पोर्तुगीज महाकवी कामोइंश याने पुढे आपल्या महाकाव्यात अल्बुकर्कचा गौरव करतानाच या फाशीबद्दल त्याला दोष दिला. कामोइंश स्वतः गोव्यात राहून गेलेला. शिपायांच्या तोंडी ती कथा तोवर जिवंत असली पाहिजे.

ऑगस्टमध्ये वाट मोकळी झाली. अल्बुकर्क बाहेर पडला, आरमार जमविले आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या दिवशी, परत आला. या वेळी काही तासांत तट पडला. त्यानंतर चार दिवस शहरातील मुसलमानांची कत्तल चालली. पुरुष, स्त्रिया, मुले यांत भेद केला गेला नाही. मृतांचा जो आकडा त्याने स्वतः पत्रातून राजाला कळविला तो सहा हजारांचा आहे. विजयी सेनापती आपल्या धन्याला लिहिताना आकडे फुगवतात, हे लक्षात घेतले तरी घटनेचे स्वरूप बदलत नाही. हिंदू रहिवाशांना हात लावू नये असा त्याचा हुकूम होता. दयेपेक्षा हिशेबाचा भाग त्यात अधिक होता, असे म्हणावे लागते. कारण शेतसारा भरणारी रयत तीच होती आणि तिमय्याची माणसेही त्याच्या बाजूने लढली होती.

याच माणसाने त्यानंतर जो कारभार केला तो विसंगत वाटावा असा आहे. आदिलशाहीपेक्षा सारा कमी केला, टांकसाळ सुरू केली, गावकरीची जुनी व्यवस्था चालू ठेवली. सती जाण्यास त्याने बंदी केली. बेंटिंकचा बंगालमधील कायदा १८२९ चा, म्हणजे तीन शतकांहून अधिक काळानंतरचा. चरित्रकार हे मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांच्या सांगण्यात खोटे काही नाही. परंतु चितेवरच्या विधवेला वाचविणाऱ्या या गव्हर्नरने चार दिवसांत किती विधवा केल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, तेही त्याच पानावर यायला हवे. त्यांतील अनेकींना बाप्तिस्मा देऊन त्याने आपल्या शिपायांशी त्यांची लग्ने लावली. नवऱ्यांना जमीन आणि घोडा दिला, म्हणजे ते परत मायदेशी जाणार नाहीत. युरोपातून माणसे पुरणार नाहीत, तेव्हा इथेच नवी प्रजा निर्माण करायची, असा तो विचार होता. त्या स्त्रियांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

पुढची वर्षे धावपळीची आहेत. १५११ मध्ये त्याने मलाक्का जिंकले. परतताना लुटीने भरलेले फ्लोर द ला मार हे जहाज सुमात्राजवळ बुडाले आणि तो स्वतः जेमतेम वाचला. तो नाही असे पाहून आदिलशाही फौजा पुन्हा तिसवाडीत शिरल्या होत्या. १५१२ मध्ये बाणस्तरीचा किल्ला घेऊन त्याने त्यांना हुसकावले. १५१३ मध्ये एडनवरचा हल्ला फसला, कारण तटाला लावलेल्या शिड्या माणसांच्या ओझ्याने मोडल्या. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर याने त्याला एक गेंडा भेट दिला. गेंड्याचे करायचे काय, म्हणून त्याने तो राजाकडे पाठवून दिला. १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला आणि केवळ त्याच्या वर्णनावरून व रेखाटनावरून जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने आपले जगप्रसिद्ध चित्र काढले. आल्ब्रेख्त हेही जुने जर्मानिक नावच.

त्याच वर्षी होर्मुझ अखेर पक्के हाती आले. पण तोवर अतिसाराने त्याला पोखरले होते. परतीच्या वाटेवर, हिंदुस्थानचा किनारा जवळ येत असताना, समोरून आलेल्या जहाजाने बातमी दिली की लोपो सुआरिश हा नवा गव्हर्नर म्हणून येऊन पोहोचला आहे. तो अल्बुकर्कच्या विरोधकांपैकी. ज्या माणसांना त्याने तक्रार करून मायदेशी परत धाडले होते, त्यांतले काही जण मोठ्या हुद्द्यांवर नेमून आले होते. राजा मान्युएलचे कान भरण्यात लिस्बनमधील मंडळी यशस्वी झाली होती. पुढे राजाचे मन पालटले. पण तो निरोप येण्याआधीच सारे संपले होते. आजारी गव्हर्नरने राजाला अखेरचे पत्र लिहविले आणि त्यात आपल्या मुलाला सांभाळण्याची विनंती केली. १६ डिसेंबर १५१५ रोजी पहाटे, गोवा दृष्टिपथात असताना, जहाजावरच त्याचा मृत्यू झाला. त्याने बांधलेल्या नोसा सेन्योरा दा सेरा या देवळात त्याला पुरले. पुढील काळात अधिकाऱ्यांच्या जुलमाने गांजलेले हिंदू आणि मुसलमानही त्याच्या थडग्यापाशी गाऱ्हाणे घेऊन जात, असे जुने पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. हे कितपत खरे मानायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. १५६६ मध्ये त्याच्या अस्थी लिस्बनला नेण्यात आल्या.

ज्या मुलासाठी त्याने विनंती केली होती, त्याचे नाव ब्राश. तो विवाहबाह्य संबंधातून झालेला, राजाने औरस ठरविलेला एकुलता एक मुलगा. पश्चात्तापदग्ध राजाने त्याला सरदारी दिली, मोठ्या घराण्यात त्याचे लग्न लावले आणि त्याने आपले नाव बदलून अफोन्सो ठेवावे, अशी आज्ञा केली. बापाला जिवंतपणी जे देता आले नाही ते राजाने असे नावाच्या रूपाने दिले. मुलानेही ते फेडले. बापाची पत्रे जुळवून त्याने लिहिलेला चरित्रग्रंथ १५५७ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्बुकर्कविषयी आज आपण जे जाणतो त्यातले बरेचसे या दुसऱ्या अफोन्सोच्या हातून आले आहे, आणि मुलाने लिहिलेले बापाचे चरित्र ज्या सावधपणे वाचायचे असते त्याच सावधपणे ते वाचले पाहिजे.

त्या काळात हे नाव इतरत्रही फिरत होते. अल्बुकर्क गव्हर्नर झाला त्याच १५०९ साली आफ्रिकेतील काँगोच्या गादीवर अफोन्सो नावाचा राजा बसला. त्याचे मूळ नाव न्झिंगा म्बेम्बा. १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्याला हे नाव मिळाले. आपली प्रजा गुलाम म्हणून पळविली जाते, अशी लेखी तक्रार याच अफोन्सोने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे केली. त्याच वर्षी गोव्यात अफोन्सो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने गावकरींच्या हक्कांची व चालीरीतींची सनद नोंदवून घेतली. गोव्याच्या जमिनींचे जुने वाद निघाले, की तिचा हवाला दिला जातो. अमेरिकेतील अल्बुकर्की शहराचा मात्र आपल्या गव्हर्नरशी संबंध नाही. ते मेक्सिकोच्या एका स्पॅनिश व्हाइसरॉयच्या सरदारकीवरून वसले; गव्हर्नरचे आडनाव आणि ती सरदारकी तेवढी स्पेनच्या सीमेवरील एकाच गावाची.

आता आंबा. अल्बुकर्कने आंब्याची कलमे बांधली, अशी कथा अधूनमधून छापून येते. तिला आधार नाही. उत्तम जातींची कलमे करण्याचे काम गोव्यात त्याच्या मृत्यूनंतर झाले आणि त्याचे श्रेय बहुधा जेझुइट पाद्र्यांना दिले जाते. त्यातल्या एका जातीला गव्हर्नरचे नाव दिले आणि अफोन्सो, आफूस, हापूस अशी वळणे घेत ते आपल्यापर्यंत आले, हा सर्वमान्य समज. परंतु सतराव्या शतकात हिंदुस्थानात आयुष्य घालविलेल्या निकोलाव मनुची या व्हेनेशियन प्रवाशाने गोव्यातील नामांकित आंब्यांची जी यादी दिली आहे, तीत एका जातीचे नाव निकोलाव अफोन्सो असे आहे. म्हणजे हापूसचा अफोन्सो गव्हर्नर नसून कोणी वेगळाच, कदाचित एखादा बागाईतदार असण्याचीही शक्यता आहे. प्रस्तुत लेखकाला ती अधिक पटते. आंब्यांना नावे देताना लोक सहसा ज्याच्या बागेत झाड असते त्याचेच देतात.

गव्हर्नरचे नाव पोर्तुगीज सरकारने आपल्या परीने जपले. लिस्बनमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे. पणजीत उभा असलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आज जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. विसाव्या शतकात एका युद्धनौकेलाही त्याचे नाव देण्यात आले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाच्या बेटवा आणि बियास या फ्रिगेट मुरगाव बंदरात शिरल्या तेव्हा त्यांच्याशी लढायला अफोन्सो द अल्बुकर्क ही एकच युद्धनौका होती. तिचा कप्तान जखमी झाला, नौका किनाऱ्यावरील वाळूत चढविण्यात आली आणि खलाशी ती सोडून उतरले. गव्हर्नरच्या मृत्यूला त्या वेळी ४४६ वर्षे आणि दोन दिवस झाले होते. नौका पुढे भंगारात निघाली.