डॉ. एडवर्ड जेन्नर आणि हृदयशूळ

देवीवर लस टोंचण्याची युक्ति शोधून काढणारे डॉ. एडवर्ड जेन्नर यांचें नांव प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. त्यांच्या चरित्रांतील एक भाग मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. तोच येथें देण्याचें योजिलें आहे.

जेन्नर यांचा जन्म इंग्लंडांत बर्कली या गांवीं इ. स. १७४९ मध्यें झाला. धर्मोपदेशक असलेले वडील लवकरच वारले. १७७० सालीं ते लंडनास जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्यांच्या घरीं राहून शिकूं लागले, आणि गुरुशिष्यांचा तो स्नेह शेवटपर्यंत टिकला.

चालतां चालतां छातींत कळ यावी व थांबतांच ती नाहींशी व्हावी, या दुखण्याचें वर्णन डॉ. विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ सालीं केलें होतें. तें एकाएकीं येतें व जातें, म्हणून तो एक प्रकारचा पेटका असावा, असें त्यांचें अनुमान. जेन्नर यांनीं अशा रोग्याचें प्रेत उघडून पाहिलें. हृदय चिरतांना सुरी कशावर तरी अडखळली. जुन्या छताचा गिलावा पडला कीं काय, म्हणून त्यांनीं वर पाहिलें! वस्तुतः हृदयास रक्त पुरविणारी रोहिणीच हाडासारखी टणक झाली होती.

त्याच सुमारास, १७७७ सालीं, हंटर यांच्या ठायीं तींच लक्षणें त्यांना दिसलीं. शोध प्रसिद्ध करावा, तर गुरूला आपलें भवितव्य कळणार. आणि उपाय तर कांहींच नव्हता. जेन्नर यांनीं मौन धरिलें. सत्यशोधकास हें शोभलें काय, असें कोणी विचारील. पण त्यांच्या जागीं आपण काय केलें असतें? १७९३ सालीं इस्पितळाच्या सभेंत वाद होऊन हंटर एकाएकीं मरण पावले. प्रेत तपासलें, तों रोहिणी टणक झालेल्या आढळल्या. पुढें १७९९ सालीं जेन्नर यांचे मित्र डॉ. पॅरी यांच्या ग्रंथांत ही हकीकत आली. जेन्नर १८२३ सालीं वारले.

हेबर्डन यांचें अनुमानही अगदींच व्यर्थ नव्हतें. श्रमावांचून, विश्रांतींतच कळ येणारे रोगी अमेरिकेंतील डॉ. प्रिंझमेटल यांनीं १९५९ सालीं वर्णिले. अशांच्या रोहिणीस पेटका येतो, हें पुढें सिद्ध झालें. आतां रोहिणींत औषधी द्रव सोडून क्ष-किरणांनीं चित्र घेतात. अडथळा न दिसल्यास ॲसिटिलकोलीन थोडें सोडून ती आवळते काय, तें पाहतात. कधीं पेटका व अडथळा एकाच रोहिणींत असतात. हा भेद ओळखणें अगत्याचें आहे; कारण अडथळ्याच्या रोग्यास देतात तें बीटा ब्लॉकर नांवाचें औषध पेटक्याच्या रोग्यास अपायही करूं शकतें.