आल्फ्रेड बिने

आल्फ्रेड बिने (८ जुलै १८५७ – १८ ऑक्टोबर १९११) हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना योग्य शिक्षण देता यावे, या हेतूने त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पहिली व्यवहार्य बुद्धिमापन कसोटी तयार केली. या कसोटीचा पुढे झालेला वापर मात्र अनेकदा या हेतूच्या विरुद्ध गेला.

पूर्वायुष्य

बिने यांचा जन्म नीस येथे झाला. वडील वैद्य, तर आई चित्रकार होती. १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेऊनही ते वकिलीत रमले नाहीत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी स्वाध्यायाने मानसशास्त्र आत्मसात केले. सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या हाताखाली काम करताना, संमोहित रुग्णाची लक्षणे लोहचुंबकाने शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतात, असा दावा त्यांनी केला. हा चुंबकाचा नव्हे, तर प्रयोगकर्त्याने नकळत केलेल्या सूचनेचा परिणाम असल्याचे पुढे दिसून आले आणि बिने यांना दावा सोडावा लागला. त्यानंतर घरी मादलेन व आलीस या आपल्या मुलींच्या विचारपद्धतीतील भेद त्यांनी बारकाईने टिपले. १८९४ पासून ते सॉर्बोन येथील प्रयोगशाळेचे संचालक होते. फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मात्र त्यांना कधीच लाभले नाही.

१९०५ ची कसोटी

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. त्यामुळे पूर्वी शाळेबाहेरच राहिलेली अनेक मुले वर्गात आली. त्यांपैकी कोणाला वेगळ्या शिक्षणाची गरज आहे, हे ठरविण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. एकाच मुलाला निरनिराळे डॉक्टर निरनिराळी नावे देत, आणि त्रासदायक विद्यार्थ्याला वर्गातून काढण्यासाठी शिक्षकही त्याच्यावर मतिमंदत्वाचा शिक्का मारण्याची शक्यता होती. म्हणून सर्वांना सारखीच लागू पडेल अशी कसोटी बिने यांना हवी होती.

या कसोटीत चढत्या काठिण्याचे ३० प्रश्न होते. जळत्या काडीकडे नजर वळविणे, लाकडाचा तुकडा व चॉकलेट यांतील फरक ओळखणे येथपासून अमूर्त शब्दांतील भेद सांगण्यापर्यंत ते जात. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले.

मूल मागे का पडते, याची शारीरिक कारणेही बिने यांना महत्त्वाची वाटत. फळा न दिसणारे मूल मंदबुद्धीचे समजले जाऊ नये, यासाठी शिक्षकांना वर्गातच दृष्टी तपासता येईल अशी पद्धत त्यांनी पुरस्कारिली. बुद्धी स्थिर असते, हे मत त्यांनी १९०९ च्या ग्रंथात स्पष्टपणे नाकारले. विशेष वर्गांतील मुलांसाठी त्यांनी ‘मानसिक व्यायाम’ सुचविले: पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे, काठोकाठ भरलेले भांडे न सांडता नेणे. आधी अवधान व इच्छाशक्ती, मग धडे, असा हा क्रम होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विशेष वर्गांचा कायदा झाला. तथापि असे वर्ग काढणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक नव्हते.

कसोटीचा पुढील प्रवास

बिने यांच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये लुइस टर्मन यांच्या आवृत्तीमुळे बुद्ध्यंक रूढ झाला. बिने यांनी एका आकड्यात बुद्धी बसविली नव्हती. अमेरिकेत मात्र गोडार्ड आदींनी बुद्धी आनुवंशिक व अपरिवर्तनीय मानून स्थलांतरितांची पारख करण्यासाठी आणि मतिमंद ठरविलेल्यांना समाजापासून वेगळे ठेवण्याच्या समर्थनार्थ याच कसोटीचा आधार घेतला.

भारतात व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात या कसोटीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले. ती बिने-कामत कसोटी म्हणून ओळखली जाते आणि बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत दीर्घकाळ वापरली गेली आहे.