देब्युसींचे सहा सोनाटे

फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी यांचा जन्म २२ ऑगस्ट १८६२ चा, पॅरिसजवळच्या गावातला. समुद्रावरची त्यांची ‘ला मेर’ ही रचना १९०५ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर चारच वर्षांत, १९०९ च्या सुरुवातीला, त्यांना वारंवार रक्तस्राव होऊ लागला. वय अवघे ४६. मॉर्फिन, कोकेन घेऊन त्यांनी वेदना दाबली आणि काम सुरू ठेवले.

हे दुखणे पुढे गुदाशयाचा कर्करोग ठरले. शौचावाटे रक्त गेले की आजही आपल्याकडे घरोघरी मूळव्याधीचेच नाव निघते, आणि बहुतेकदा ते खरेही असते. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

गुदाशय माकडहाडाच्या अगदी पुढ्यात असतो. गाठ वाढून मागे सरकली, तिथल्या नसांवर दाब आला, तर कंबर आणि नितंब दुखतात, कधी पायातही कळ जाते. मोठ्या आतड्याचा कर्करोग मणक्यात पसरला तरी पाठ धरते. म्हणून कंबरदुखी हे या रोगाचे सहसा उशिराचे लक्षण. नुसती पाठ दुखते म्हणून घाबरू नये. त्यामागे बहुधा स्नायू किंवा मणक्याची झीज असते. मात्र जोडीला शौचातून रक्त, बदललेली सवय, घटते वजन, रक्त कमी होणे किंवा पडून राहिल्यावरही न थांबणारी रात्रीची कळ असेल, तर मलम चोळत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. आज कोलोनोस्कोपीने गाठ दिसते, तुकडाही काढता येतो. देब्युसींच्या काळी ती सोय नव्हती.

१९१५ च्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या पूरव्हिल येथे त्यांनी झपाट्याने लिहिले: पियानोसाठी बारा एत्यूद आणि दोन सोनाटे. एकूण सहा सोनाटे करायचे ठरवले होते. त्याच डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. पोटावर छिद्र करून मलाला वेगळी वाट दिली गेली. रेडियमचे उपचारही झाले. आराम टिकला नाही. व्हायोलिनचा तिसरा सोनाटा १९१७ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या पहिल्या कार्यक्रमात पियानोवर ते स्वतः बसले.

२५ मार्च १९१८ रोजी पॅरिसमध्ये, जर्मन तोफांचा मारा सुरू असताना, त्यांचे निधन झाले. उरलेले तीन सोनाटे लिहायचे राहून गेले.